सीलिंगवरचं इन्सुलेशन: माल निवडण्याआधी वर चढून बघा

‘ग्लासवूल घेऊ की फोम?’ सीलिंगवर इन्सुलेशन घालायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो. खरं तर तो चौथा-पाचवा प्रश्न आहे. उष्णता कुठून आणि कशी येते, वर जागा किती आहे, सीलिंग किती वजन पेलेल, वायरी कुठून गेल्यात, ओल कुठून शिरू शकते, हे कळलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात. उरलेल्या दोन-तीनांतला कुठलाही घेतला तरी फारसं बिघडत नाही. उलट महागातला महाग माल आणून फटी ठेवून टाकला, तर पैसे माळ्यावर पडून राहतात आणि खोली तापायची ती तापतेच.

पुढे ‘छप्पर’ म्हणजे ऊन-पाऊस झेलणारं बाहेरचं आवरण: पत्रा, कौलं किंवा स्लॅब. ‘सीलिंग’ म्हणजे खोलीतून वर बघितल्यावर दिसणारा जिप्सम बोर्ड, पीओपी किंवा फळ्या. या दोघांमधली पोकळी म्हणजे माळा. आपलं काम आहे माळ्यात, सीलिंगच्या पाठीवर.

पायरी १: त्रास उन्हाचा की थंडीचा?

भर उन्हात पत्र्याची खालची बाजू ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. त्यानं माळ्यातली हवाही तापते, पण गरम हवा वरच तरंगत राहते, तिला खाली यायचं कारण नसतं. मग सीलिंग एवढं तापतं कशानं? मुख्यतः किरणांनी. शेकोटीसमोर बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, तसाच तापलेला पत्रा खालच्या बोर्डाकडे थेट उष्णता फेकत असतो. म्हणून उन्हाच्या त्रासात चकचकीत फॉइल कामाला येतं.

थंडीत गणित उलटतं. खोलीतली गरम हवा वर चढते आणि सीलिंगच्या फटींतून, दिव्यांच्या भोकांतून माळ्यात निसटते. बोर्डातून झिरपणारी उष्णता वेगळीच. इथे फॉइलचा हात तोकडा पडतो. जाड थर आणि बुजवलेल्या फटी यांवर भिस्त ठेवावी लागते. दोन्ही ऋतू कडक असतील तर जाड थर मुख्य आणि फॉइल जोडीला.

त्याआधी एक साधी खात्री करून घ्या. दुपार कलल्यावर सीलिंगला हात लावून बघा, मग पश्चिमेच्या भिंतीला. भिंतच जास्त तापलेली असेल किंवा मोठ्या काचेतून ऊन आत येत असेल, तर आधी तिथे सावली करा. सीलिंगवर कितीही माल टाकला तरी भिंतीची उष्णता कमी होणार नाही. आणि छप्पर काळपट असेल तर त्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग मारणं हे सगळ्यात सोपं पहिलं काम. तो इन्सुलेशनची जागा घेत नाही, पण मुळात छप्परच कमी तापतं.

पायरी २: वर चढा, पण सकाळी

माळ्यात दुपारी चढू नका. बंद जागेतली ती उष्णता माणसाला आडवं करते. सकाळी लवकर, पूर्ण बाह्यांचे कपडे, चष्मा आणि एन-९५ मास्क घालून, टॉर्च आणि टेप घेऊन चढा. खाली कुणीतरी माणूस असू द्या. पाय फक्त तुळयांवर किंवा तुळयांवर आडव्या टाकलेल्या फळीवर ठेवायचा. जिप्सम बोर्डावर पाय दिला की माणूस थेट खालच्या खोलीत.

वर आधी पाण्याच्या खुणा शोधा: लाकडावर काळपट कडी, खिळ्यांखाली गंजाचे ओघळ, बोर्डाच्या पाठीवर पिवळे डाग. गळती असेल तर इन्सुलेशनचा विषय तिथेच थांबवा, आधी छप्पर दुरुस्त करा. याला कारण आहे. इन्सुलेशनचं काम करते ती मुळात त्यात अडकलेली स्थिर हवा, आणि पाणी तिच्यापेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. भिजलेला थर उष्णता अडवत नाही, वजनानं सीलिंग मात्र खाली ओढतो. वर पांघरूण घातल्यावर गळती महिनोन्‌महिने कळतही नाही, हे आणखी वाईट.

मग मोजमाप. तुळयांमधलं अंतर एका जागी मोजून भागत नाही. तीन-चार ठिकाणी मोजा, बहुतेक घरांत ते सारखं नसतं. वळचणीकडे, म्हणजे छप्पर उतरत भिंतीवर येतं तिथे, किती उंची उरते तेही बघा. मधोमध ऐसपैस जागा असते आणि कडेला जेमतेम मूठ जाते. तिथे किती जाडीचा माल शिरेल ते आताच लिहून ठेवा.

वायरी कशा गेल्यात, जोड उघडे आहेत का, दिव्यांची पाठ वर किती येते, याचे फोटो काढा. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचा पाइप माळ्यातच तोंड उघडून सोडलेला नाही ना, हेही बघा. हा प्रकार आश्चर्य वाटावं इतका सर्रास दिसतो. रोजच्या आंघोळीची वाफ माळ्यात सोडली तर कुठलंही इन्सुलेशन टिकणार नाही. तो पाइप छपराबाहेर न्यायलाच हवा. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर भोकं आता बुजवा. उंदीर सगळ्याच मालात बिळं करतात, ‘उंदीर लागत नाहीत’ असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

जुन्या घरात दोन गोष्टींना हात लावायचा नाही. एक, ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे: कापू नका, भोक पाडू नका, घासू नका. दुसरी, अभ्रकासारखे चमकणारे, खड्यांएवढे हलके तपकिरी-सोनेरी दाणे सीलिंगवर पसरलेले दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या लिबी इथल्या खाणीतून १९९० पर्यंत निघालेलं व्हर्मिक्युलाइट ॲस्बेस्टॉसनं दूषित होतं, आणि ते असंख्य माळ्यांत ओतलं गेलं. असे दाणे दिसले तर न हलवता खाली या आणि तपासणी करून घ्या.

स्लॅबलाच खालून प्लास्टर असेल, म्हणजे माळाच नसेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. तिथे स्लॅबच्या वर वॉटरप्रूफिंगसोबत कडक बोर्ड घालणं किंवा खालून नवं फॉल्स सीलिंग करून त्याच्या पोटात थर बसवणं, हे दोन मार्ग उरतात.

पायरी ३: आकडे समजून घ्या, नाहीतर विक्रेत्याचा आकडा ऐकावा लागेल

दोनच आकडे लागतात. के-व्हॅल्यू (काही ठिकाणी तिला लॅम्डा म्हणतात) हा मालाचा गुण: त्यातून उष्णता किती सहज जाते. जितकी कमी तितकी चांगली. आर-व्हॅल्यू म्हणजे तुम्ही घातलेला थर उष्णतेला किती अडवतो: मीटरमधली जाडी भागिले के-व्हॅल्यू. ही जितकी जास्त तितकी चांगली.

ग्लासवूलची के-व्हॅल्यू ०.०४० धरा. १०० मिलिमीटर म्हणजे ०.१ मीटर थराची आर-व्हॅल्यू झाली २.५. पीआयआर फोमची (हा कडक बोर्डाच्या रूपात मिळतो) के-व्हॅल्यू ०.०२२ च्या आसपास असते, म्हणून तेवढ्याच जाडीला साधारण ४.५ मिळते. पण ग्लासवूल १८० मिलिमीटर टाकलं तरी तेच ४.५ मिळतं. माळ्यात जागा असेल तर पातळ, महाग फोमसाठी जास्त पैसे मोजायला काही कारण उरत नाही. जागेची चणचण असेल तिथेच फोमची किंमत वसूल होते.

एककांचा सापळा मात्र लक्षात ठेवा. अमेरिकन मालावर छापलेली आर-व्हॅल्यू वेगळ्या एककात असते आणि मेट्रिक आकड्याच्या ५.६८ पट दिसते. मेट्रिक २.५ आणि अमेरिकन आर-१४ हा एकच थर. ‘यांचा २.५, आमचा १४’ अशी तुलना कुणी करत असेल तर एकक विचारा.

किती जाडी पुरे? १२ चौरस मीटरची खोली घ्या. माळ्यात आणि खोलीत २० अंशांचा फरक आहे. नुसत्या बोर्डाची, त्याच्या दोन्ही बाजूंच्या हवेच्या पातळ थरासकट, आर-व्हॅल्यू ०.४ धरली तर वरून ६०० वॅट उष्णता खाली येते, म्हणजे दिवसभर एक लहान हीटर चालू. त्यावर १०० मिलिमीटर ग्लासवूल टाकलं की ती साधारण ८३ वॅटवर येते. आणखी १०० टाकलं की ४४. तिसरा १०० चा थर टाकला की ३०. पहिल्या थरानं पाचशेहून जास्त वॅट अडवले, तिसऱ्यानं चौदा.

म्हणून पहिला थर कसलीही कसर न ठेवता पूर्ण घालावा आणि शेवटच्या थरावर हात आखडता घेतला तरी चालेल, असं माझं मत. कडक थंडीच्या देशांत जास्त जाडी लागते कारण तिथे २०-३० अंशांचा फरक महिनोन्‌महिने, रात्रंदिवस असतो. ब्रिटनमध्ये माळ्यासाठी २७० मिलिमीटर मिनरल वूलची (म्हणजे ग्लासवूल किंवा रॉकवूलची) शिफारस असते, अमेरिकेत हवामानानुसार आर-३० ते आर-६० ची (हे अमेरिकन एककात, म्हणजे मेट्रिक ५.३ ते १०.६). उष्ण हवामानात, जिथे फरक दिवसातले काही तास असतो, तिथे १०० ते १५० मिलिमीटरचा नीट घातलेला थर आणि वर फॉइल, हा बहुतेक घरांना पुरेसा संच.

पायरी ४: आता माल

ग्लासवूल हा पहिला उमेदवार. काच वितळवून केलेले तंतू, गुंडाळीत किंवा कापलेल्या पट्ट्यांत मिळतात. हलकं असतं, तंतू जळत नाहीत, तुळयांमध्ये हातानं बसवता येतं, आणि अंतर थोडं वेडंवाकडं असलं तरी फुलून जागा भरतं. हा शेवटचा गुण कागदावर दिसत नाही, पण माळ्यात तोच सगळ्यात मोलाचा. तोटा म्हणजे खाज. तंतू त्वचेला आणि घशाला टोचतात, म्हणून हातमोजे, मास्क, आणि काम झाल्यावर आधी गार पाण्यानं अंग धुणं. ‘ग्लासवूलनं कॅन्सर होतो’ ही भीती ॲस्बेस्टॉसच्या आठवणीतून आलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००१ साली इन्सुलेशनच्या ग्लासवूलला ‘मानवाला संभाव्य कर्करोगकारक’ या गटातून बाहेर काढलं. मास्क तरीही लावायचाच.

रॉकवूल दगडापासून करतात. ग्लासवूलपेक्षा जड, आवाज अडवायला चांगलं आणि आगीत जास्त चिवट: त्याचे तंतू १००० अंशांच्या वर वितळतात. पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत असेल किंवा सीलिंगवरून चिमणी जात असेल, तर मी रॉकवूलकडे झुकेन. दोन्ही वूल ‘घनते’वर विकतात: २४, ३२, ४८ किलो प्रति घनमीटर असे आकडे ऐकू येतील. घनता वाढली की के-व्हॅल्यू थोडी सुधारते, पण दुप्पट घनतेनं दुप्पट फायदा होत नाही. आडव्या सीलिंगवर हलक्या मालाची जाडी वाढवणं हे जड माल घेण्यापेक्षा बहुधा शहाणपणाचं ठरतं.

सेल्युलोज म्हणजे जुन्या कागदाचा भुगा, आग आणि कीड लागू नये म्हणून बोरेट मिसळलेला. यंत्रानं फुंकून पसरवतात. अडचणीच्या, वायरी-पाइपांनी भरलेल्या माळ्यात हा प्रत्येक कोपऱ्यात शिरतो, हे त्याचं बळ. पण तो बसतो. सुरुवातीची उंची काळानं १०-२० टक्के कमी होऊ शकते, म्हणून ठेकेदाराशी बोलताना ‘बसल्यानंतरची जाडी’ किती, हेच विचारायचं आणि तेच कागदावर घ्यायचं. वजनही बघा. ३०० मिलिमीटर थर, ३५ किलो घनता, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर साडेदहा किलो. २०० मिलिमीटर हलकं, १२ किलो घनतेचं ग्लासवूल अडीच किलोच्या आत असतं. टाइलवाल्या लोंबत्या सीलिंगवर इतका भुगा टाकू नये.

थर्माकोल, म्हणजे ईपीएस, स्वस्त आणि हलकं. त्याच्याबद्दल माझं मत फार चांगलं नाही, निदान या कामासाठी. कडक तुकडे वेड्यावाकड्या तुळयांमध्ये नीट बसत नाहीत, प्रत्येक कडेला फट राहते. ७५-८० अंशांच्या पुढे ते मऊ पडू लागतं, त्यामुळे तापलेल्या पत्र्याला चिकटवण्यात अर्थ नाही. आग लागली तर वितळतं, जळतं, दाट धूर करतं. आणि एक कमी ठाऊक असलेली गोष्ट: पीव्हीसी वायर थर्माकोलला टेकून राहिली की वायरीतला मऊपणा देणारा घटक त्यात उतरतो आणि वेष्टन कालांतरानं कडक, ठिसूळ होतं. घ्यायचंच असेल तर आग-प्रतिबंधक दर्जाचं घ्या, फटी फोमनं भरा, वायरी दूर ठेवा. एक्सपीएस त्याचाच दणकट, पाणी न पिणारा भाऊ. स्लॅबच्या वर त्याला तोड नाही, माळ्यात गरज नाही.

स्प्रे फोमचे दोन प्रकार: मऊ, उघड्या पेशींचा आणि कडक, बंद पेशींचा. फटी बुजवण्यात त्याला कुणी हरवू शकत नाही. पण ही वापरायला तयार वस्तू नसते, दोन रसायनांची प्रक्रिया तुमच्या माळ्यात होते. मिश्रण बिघडलं तर वास बसतो आणि तो काढणं महाकठीण. फवारताना आणि नंतर ठरलेला वेळ घर रिकामं ठेवावं लागतं. छपराला आतून मारला तर गळती लपते. अनुभवी माणूस मिळाला तरच, आणि जागा फारच कमी असेल तरच.

फॉइलबद्दल गैरसमज सगळ्यात जास्त. ते ‘उष्णता अडवत’ नाही. तापलेल्या पत्र्याचे किरण परतवतं आणि स्वतः फार कमी किरण सोडतं. साधं बांधकाम साहित्य जितके सोडतं त्याच्या जेमतेम वीसाव्या हिश्शानं. पण यासाठी चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी हवी, २०-२५ मिलिमीटर तरी. पत्र्याला किंवा बोर्डाला घट्ट चिकटवलेलं फॉइल म्हणजे धातूचा एक पातळ पापुद्रा, बस. शक्यतो ते छपराखाली वाशांना लावून चकचकीत बाजू खाली ठेवा, म्हणजे धूळ बसत नाही. धूळ बसलेलं फॉइल हळूहळू साध्या कागदासारखंच वागू लागतं. चार मिलिमीटरच्या बबल शीटवर (बुडबुड्यांच्या प्लास्टिकला फॉइल लावलेला पत्ता) मोठी आर-व्हॅल्यू छापलेली दिसली तर विचारा: हा आकडा शीटचा की पोकळीसकट पूर्ण रचनेचा? नुसत्या शीटची मेट्रिक आर-व्हॅल्यू ०.१ च्या घरात असते.

लोकर, लाकडाचे तंतू असे नैसर्गिक पर्यायही चांगले आहेत, के-व्हॅल्यू ग्लासवूलच्या आसपासच. हाताळायला सुखाचे, किमतीला जड. लोकरीवर कसरीपासून बचावाची प्रक्रिया केलेली आहे ना, तेवढं विचारा.

पायरी ५: ओल कुठे धरेल?

हवेत वाफ असते, आणि ती पुरेशा गार पृष्ठभागाला लागली की पाणी होते. २० अंशांच्या, ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीतली हवा साधारण ९ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी सोडते. थंड प्रदेशात खोलीतली दमट हवा वर निसटून गार छपराला लागते आणि माळ्यात थेंब धरतात. दमट उष्ण प्रदेशात उलट: बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर ती हवा २७ अंशांनाच पाणी सोडायला लागते, आणि एसीनं तुमचं सीलिंग २४ वर आणलेलं असतं.

यातून नियम निघतो: वाफ रोखणारा प्लास्टिकचा किंवा फॉइलचा सलग पापुद्रा इन्सुलेशनच्या ‘गरम’ बाजूला असावा. थंड प्रदेशात ती बाजू खाली, खोलीकडे. एसी चालणाऱ्या दमट प्रदेशात ती वर. दुसऱ्या ठिकाणचं चित्र बघून सीलिंगवर प्लास्टिक अंथरलं आणि वर ग्लासवूल टाकलं, तर दमट हवेत त्याच प्लास्टिकवर पाणी साचेल. खात्री नसेल तर प्लास्टिक घालूच नका. फटी बुजवण्यावर भर द्या. पापुद्र्यातून झिरपणाऱ्या वाफेपेक्षा फटीतून वाहणाऱ्या हवेसोबत कितीतरी जास्त ओल येते.

माळ्याला वारा लागतो का, तेही बघा. वळचणीकडून हवा शिरावी आणि आढ्याजवळून निघावी. इन्सुलेशन टाकताना लोक कडेपर्यंत कोंबतात आणि नेमकं हेच तोंड बंद होतं. वळचणीला छपराखाली निदान ५० मिलिमीटर वाट मोकळी ठेवा. पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची तिरकी पट्टी लावली की माल पुढे सरकत नाही.

पायरी ६: वीज आणि आग, इथे घाई नको

२००९-१० मध्ये ऑस्ट्रेलियात सरकारी खर्चानं दहा लाखांहून जास्त घरांच्या सीलिंगवर इन्सुलेशन घालण्याची मोहीम झाली. काम घाईत, अननुभवी हातांनी झालं. चार तरुण कामगार गेले, तिघे विजेच्या धक्क्यानं आणि एक उष्माघातानं. फॉइल ठोकताना धातूची पिन वायरीत घुसली की अख्खं फॉइल जिवंत होतं. तिथे धातूच्या पिनांवर नंतर बंदी आली. दिव्यांवर इन्सुलेशन टाकल्यामुळे आगीही लागल्या.

तेव्हा वर काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद, आणि उजेडासाठी बॅटरीचा दिवा. फॉइलला धातूची पिन नाही. उघडे जोड आधी डब्यात घालून घ्या. वायरी शक्यतो थराच्या वर ठेवा. गाडलेली वायर आपली उष्णता बाहेर टाकू शकत नाही. ब्रिटिश वायरिंग नियमांत अर्ध्या मीटरपेक्षा जास्त लांबी पूर्णपणे इन्सुलेशनमध्ये बुडालेल्या वायरीची क्षमता निम्मीच धरतात. एसी आणि गिझरच्या वायरींसाठी हे फार महत्त्वाचं. जुनी, कापडी वेष्टनाची वायर दिसली तर ती बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सीलिंगमध्ये खोवलेले दिवे ‘वर इन्सुलेशन चालेल’ अशा प्रकारचे नसतील तर त्यांभोवती उत्पादकानं सांगितलेलं अंतर मोकळं ठेवा किंवा दिव्यासाठीची अग्निरोधक टोपी बसवा. एलईडी गार असतो हे अर्धसत्य. त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर तापतो आणि झाकला की लवकर मरतो. गरम चिमणीलगत फक्त न जळणारा माल, तोही उत्पादकानं सांगितलेलं अंतर सोडून.

पायरी ७: मोजणी, लेबल, पावती

लांबी गुणिले रुंदी करून क्षेत्रफळ काढा, तुळयांची जागा वजा करा, तुकडे कापण्यात वाया जाईल म्हणून थोडं वाढवा. तुळयांमधल्या अंतरापेक्षा एक-दोन सेंटीमीटर रुंद पट्टी घ्या, म्हणजे ती कडांना अंग चोरून घट्ट बसते. लेबलवर जाडी, के-व्हॅल्यू किंवा आर-व्हॅल्यू, घनता आणि आगीचा दर्जा, एवढं छापलेलं नसेल तर तो माल घेऊ नका. गुंडाळ्या दाबून भरलेल्या असतात. उघडल्यावर छापील जाडीपर्यंत फुलतात का, ते एक गुंडाळी उलगडून आधी बघा.

पायरी ८: अंथरताना

मघाचीच खोली घ्या: तीन मीटर बाय चार, १०० मिलिमीटर ग्लासवूल, ८३ वॅट. आता भिंतीच्या कडेनं सगळीकडे चार सेंटीमीटरची पट्टी रिकामी राहिली असं धरा. दिसायला काहीच नाही. पण ती सगळी मिळून अर्ध्या चौरस मीटरहून जास्त होते, क्षेत्रफळाच्या जवळपास पाच टक्के, आणि उष्णता ८३ वरून १०७ च्या आसपास जाते. पाच टक्के जागा सुटली आणि आत येणारी उष्णता जवळपास तीस टक्क्यांनी वाढली.

म्हणून आधी फटी. भिंत आणि सीलिंग मिळतात तिथली, वायरींच्या भोकांभोवतीची, पाइपांभोवतीची, सगळी सीलंटनं बुजवा. मग दूरच्या कोपऱ्यापासून दाराकडे येत पहिला थर तुळयांमध्ये बसवा. वर उचलता न येणारी वायर आडवी आली तर पट्टी तिच्यावर दडपू नका. पट्टीला चीर द्या, अर्धी खालून अर्धी वरून जाऊ द्या. जाड पट्टी कमी जागेत कोंबली तर तिची जाडी जाते आणि जाडीसोबत आर-व्हॅल्यूही. दुसरा थर घालणार असाल तर तो तुळयांच्या आडवा टाका, म्हणजे तुळयाही झाकल्या जातात. लाकूड ग्लासवूलच्या तिप्पट उष्णता जाऊ देतं, लोखंडी चॅनेल तर विचारूच नका.

माळ्याचं झाकण हमखास राहून जातं. त्याच्या पाठीवरही तेवढ्याच जाडीचा तुकडा चिकटवा आणि कडेला रबरी पट्टी लावा. थंड प्रदेशात पाण्याच्या पाइपांना वेगळं आवरण घाला, कारण सीलिंग झाकल्यावर माळा आधीपेक्षा गार होतो आणि पाइप गोठू शकतात. पाण्याची टाकी असेल तर तिच्याखाली इन्सुलेशन नको, वर आणि बाजूनं हवं.

काम झाल्यावर ठेकेदाराला पैसे देण्याआधी स्वतः वर जा आणि चार-पाच जागी पट्टी खुपसून जाडी मोजा, कोपऱ्यांत आणि वळचणीला तर नक्कीच. नंतर कडक उन्हाच्या दुपारी इन्फ्रारेड थर्मामीटर खालून सीलिंगवर फिरवा. मधेच एखादी जागा दोन-तीन अंशांनी जास्त दाखवत असेल तर तिथे पट्टी सरकली आहे. मालाचं लेबल, जाडी, तारीख आणि गाडलेल्या वायरींचे फोटो एका पिशवीत घालून झाकणाच्या आतल्या बाजूला अडकवून ठेवा. पुढे पंखा किंवा दिवा बदलायला जो इलेक्ट्रिशियन वर चढेल, त्याला ते लागणार आहे.